लिटरला पंधरा

आमच्या घरात गेल्या वर्षी एक करार झाला. तो मीच लिहिला, माझ्याच अक्षरात आणि माझ्याच पेनानं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात चूक कोणाची हे शोधत बसायला नको.

करार तीन ओळींचा होता. आमच्या अँबॅसिडरनं अशोक विजयादशमीपर्यंत मीटरप्रमाणे लिटरला पंधरा किलोमीटर दिले, तर गाडी राहील आणि इंदू ती विकायचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही दिले, तर अँबॅसिडर जाईल आणि तिच्या जागेवर इंदूसाठी क्लच नसलेली छोटी गाडी येईल. खाली माझी सही, इंदूची सही, आणि साक्षीदार म्हणून तळमजल्यावरच्या बापूजींची सही. बापूजी एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. कोणत्याही कागदावर सही करायला ते नेहमी तयार असतात, वाचत मात्र नाहीत.

जागेचा प्रश्न खरा होता. आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. त्यात अँबॅसिडर उभी राहिली की शेजाऱ्याची स्कूटरसुद्धा अंग चोरून उभी राहते. दोन गाड्या ठेवायच्या तर एक डोक्यावर घ्यावी लागली असती.

इंदू म्हणजे माझी बायको. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाली, आणि एकोणसाठाव्या वर्षी तिनं गाडी शिकायचं ठरवलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर शिकली, पहिल्याच खेपेला परीक्षा पास झाली आणि लायसन घेऊन घरी आली. मी दुसऱ्या खेपेला पास झालो होतो, हे तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. पण पेढे जरा जास्तच वाटले. बुधवारी आणि शनिवारी ती विहारात वस्तीतल्या मुलांचा वर्ग घेते. विहार आमच्यापासून नऊ किलोमीटर. त्यासाठी दोन ऑटो बदलावे लागतात, आणि दुसरा ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. अँबॅसिडर तिच्यानं वळत नाही, खांदा दुखतो. मी सोडून द्यायला तयार असायचो, नाही असं नाही. पण इंजिन गरम व्हायला दहा मिनिटं लागतात, त्याआधी पाणी बघावं लागतं, त्याआधी माझी दुपारची झोप असते. थोडक्यात, मी सोडून दिलं की ती उशिरा पोचायची.

आता माझी बाजू. मी एकतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात काढली, तीही एफिशियन्सी विभागात. एक युनिट वीज करायला किती कोळसा लागला, हे काढणं माझं काम. बाकीचे लोक वीज तयार करायचे, मी त्यांना सांगायचो की महाग तयार केली. अशा माणसाच्या स्वतःच्या दारात लिटरला आठ किलोमीटर देणारी गाडी उभी असणं ही साधी गोष्ट नाही. आठ. बाजारात जाऊन सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणला की जुडीपेक्षा पेट्रोल जास्त जळायचं. तरी मला ती गाडी आवडायची. तिच्यात बसलं की मी साहेब आहे असं वाटायचं, आणि रिटायर झाल्यावर ते वाटायला दुसरी जागा उरत नाही.

सोसायटीत बातमी पोचताच सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं गॅसकिट लावा, कोणी म्हणालं चाकात नायट्रोजन भरा, एकानं तर उतारावर इंजिन बंद करायचा उपाय सांगितला. नागपुरात उतार शोधायला आधी वीस किलोमीटर जावं लागतं, ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या सिंधूताई म्हणाल्या, भाऊजी, वजन कमी करा. मी म्हटलं, टपावरचं कॅरियर काढूनच टाकलं आहे. त्या म्हणाल्या, मी गाडीचं नाही म्हणून राहिले.

शेवटी मी जितेंद्रकडे गेलो. जितेंद्र हा आमच्या भागातला मिस्त्री. त्याला बोलता बोलता काम करायची सवय आहे, आणि बोलणं जास्त झालं की काम थांबतं. त्यानं बोनेट उघडलं, दोन मिनिटं आत पाहिलं आणि इंजिनच बदलून टाकायला सांगितलं. त्याच्याकडे मोडीत निघालेल्या एका स्कूलव्हॅनचं इंजिन पडून होतं, गिअरबॉक्ससकट. छोटं, हलकं, कमी पिणारं.

"साहेब, मक्खन इंजिन आहे," तो म्हणाला. "गाडीले समजणार बी नाही का तिचं काळीज बदललं म्हणून."

किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाला, चार. मी एकतीस वर्षं सरकारी ओव्हरहॉलिंग पाहिलेलं असल्यामुळे मनात आठ धरले. अडीच महिने लागले.

पहिले दोन आठवडे जुनं इंजिन बाहेर काढण्यात गेले. पुढचे तीन आठवडे मांजरीत गेले. बोनेटखाली जी रिकामी जागा झाली होती, तिथे गॅरेजची मांजर व्याली. चार पिल्लं. जितेंद्रनं पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत आणि ती आपल्या पायानं बाहेर येईपर्यंत गाडीला हात लावणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मी रोज चौकशीला जायचो. इंदू मला रोज विचारायची, तर तिचा पहिला प्रश्न पिल्लांचा असायचा आणि गाडीचा नसायचाच. मी एकदा जितेंद्रला म्हटलं की करारात तारीख आहे. तो म्हणाला, साहेब, मांजरीनं काही सही केली नाही.

इंजिन बसलं तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पहिली, ते इतकं हलकं होतं की गाडीचं नाक वर झालं. घास मागणाऱ्या म्हशीसारखी ती मान वर करून उभी राहू लागली. बापूजींनी समोर वजन टाकायचा सल्ला दिला, आणि जितेंद्रनं कुठून तरी चाळीस किलोचा लोखंडी तुकडा आणून बंपरमागे बोल्टनं आवळला. मायलेज वाढवायला हलकं इंजिन घ्यायचं आणि मग गाडीला लोखंड बांधायचं, हे माझ्या शिक्षणात बसत नव्हतं. पण जितेंद्र म्हणाला, काही गोष्टी बॅलन्ससाठी असतात.

दुसरी गोष्ट गिअरची. अँबॅसिडरचा गिअर स्टिअरिंगजवळ असायचा, व्हॅनचा खालून निघाला. जितेंद्रनं पत्र्याला भोक पाडून दांडा वर काढला, तो नेमका समोरच्या लांब सीटच्या मधोमध, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी. पहिला आणि दुसरा नीट पडायचा. तिसरा टाकायचा तर इंदूला गुडघा बाजूला घ्यावा लागायचा. मी आधी म्हणायचो, "तिसरा." मग ती सरकायची. चार चौक गेल्यावर ती म्हणाली की मले मागे बसू द्या, आणि त्या दिवसापासून ती मागेच बसू लागली.

यात गैर काही नाही. पण पांढरी अँबॅसिडर, पुढे एकटा माणूस, मागे चष्मा लावलेली बाई, याचा लोक एकच अर्थ लावतात. रामदासपेठेत एका लग्नाला गेलो. गेटवरच्या माणसानं इंदूसाठी दार उघडलं, तिला नमस्कार केला, आणि मला सांगितलं की गाडी मागे लाव, ड्रायव्हर लोकांचं जेवण साडेनऊले आहे. मी त्याला माझा शेवटचा हुद्दा सांगितला. तो म्हणाला, हव काका, पण गाडी मागेच लावा. इंदूनं वळून पाहिलं नाही. तिचे खांदे मात्र हलत होते.

इंजिन बदलल्यावर कागदांवर त्याची नोंद करावी लागते, म्हणून मी अर्ज घेऊन वाहनांच्या कार्यालयात गेलो. अर्जात "बदलाचे कारण" असा एक रकाना होता. दीड ओळीची जागा होती, मी तीन पानं जोडली. सोबत आलेखही होता. खिडकीतल्या बाबूनं तो उलटा धरून पाहिला आणि शांतपणे सांगितलं की परवानगी इंजिन बदलायच्या आधी घ्यायची असते. मी म्हटलं, आता बदलून झालं. ते म्हणाले, तर मग तसं लिहून द्या, का मी आधी न विचारता बदललं. एवढं मोठं आयुष्य दुसऱ्यांकडून खुलासे मागण्यात गेलं, आणि आता मला खुलासा लिहावा लागला. तो मी एका पानात आवरला. तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

आता परीक्षा. यात मी हलगर्जीपणा केला नाही, हे नमूद करतो. माझी पद्धत अशी: टाकी गळ्यापर्यंत भरायची, लांबचा प्रवास करायचा, आणि परत त्याच पंपावर, त्याच नळीनं, गळ्यापर्यंत भरायची. जितकं पेट्रोल परत मावलं तितकं जळलं. टाकीत हवा राहू नये म्हणून भरताना गाडी हलवावी लागते. ते काम बापूजींनी केलं. ते मागचा बंपर धरून गाडी हलवत होते, मी टाकीत डोकं घालून पाहत होतो, आणि मागे अकरा मोटारसायकली हॉर्न वाजवत होत्या. पंपावरच्या मुलीनं विचारलं, काका, लग्नाची गाडी आहे का?

आम्ही नरखेडकडे निघालो. तिथून जवळच्या गावात इंदूच्या भावाचं मोसंबीचं वावर आहे. इंदू साक्षीदार म्हणून मागे बसली आणि सावनेर यायच्या आत झोपली. गाडी सुंदर चालली. मी काटा साठवर ठेवला आणि हलू दिला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदाच जाणवलं की आजकाल लोक किती बेफाम गाड्या हाकतात. मी साठनं जात होतो, आणि शाळेच्या गणवेशातल्या दोन पोरी एका स्कूटीवर गप्पा मारत पुढे निघून गेल्या. मोसंबीची पोती लादलेला टेम्पो गेला. एक म्हातारे गृहस्थ मोपेडवर, मागे गवताचा भारा, तेही गेले. मी खिडकीतून मान बाहेर काढून त्यांना म्हटलं, हळू जा बाबा, जीव प्यारा नाही का. त्यांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं.

जाताना मीटरवर एकशेवीस झाले, येताना एकशेवीस. पंपावर परत भरलं तर तेरा लिटर आठशे मिली. दोनशेचाळीस भागिले तेरा पूर्णांक आठ. मी तीनदा केलं, मग कॅल्क्युलेटरवर केलं. सतरा पूर्णांक चार.

बापूजी म्हणाले, "एकशेवीस कसे झाले गा? माह्या टायमाले तर ऐंशीच होते."

मी त्यांना समजावलं की तुमचा जमाना गेला. आता रस्त्यांची कामं झाली, पूल झाले, वळणं बदलली. रस्ता मोठा केला की थोडा लांबही होतोच. बापूजींनी तीस वर्षं त्या रस्त्यानं एसटी चालवली होती. पण ते भिडस्त. म्हणाले, असंन बाबा, नरखेड सरकलं असंन.

घरी आल्यावर मी आकडा इंदूसमोर ठेवला. तिनं कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही जिंकले." बस. ना कटकट, ना टोमणा. मग तिनं पर्समधून लायसन काढलं, आणि बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांच्या खाली नेऊन ठेवलं. मी दारात उभा होतो. मला वाटलं होतं की जिंकल्यावर छान वाटेल, आणि थोडं वाटलंही. पण तिनं ते लायसन सगळ्यात खाली का ठेवलं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी लगेच खाली जाऊन चार लोकांना सतरा पूर्णांक चार सांगून आलो.

पुढचे काही दिवस माझे फार चांगले गेले. लोक थांबवून विचारायचे. मी चहाच्या टपरीवर दहनक्षमता या विषयावर बोललो. दोघांनी जितेंद्रचा नंबर घेतला.

तपासणीच्या दिवशी एक तरुण इन्स्पेक्टर मॅडम आल्या. त्यांनी इंजिनचा नंबर पाहिला, लोखंडाचा तुकडा पाहिला, तो काय आहे हे विचारून उत्तर नीट ऐकून घेतलं, आणि शेजारी बसून म्हणाल्या, चला काका, एक चक्कर मारू. मी काटा साठवर नेला. त्यांनी मोबाइल काढला. मला वाटलं, बघा आजची पिढी, कामाच्या वेळेत मोबाइल. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"काका, आपण चाळीसनं चालून राहिलो," त्या म्हणाल्या. "तुमचं मीटर साठ दाखवून राहिलं."

मी म्हटलं, तुमच्या मोबाइलमध्ये काही गडबड असेल. तेवढ्यात एक मोपेडवाला खिडकीपर्यंत आला, त्यानं आत पाहिलं, आणि थोडा वेळ आमच्या सोबत चालला.

मॅडमनं शांतपणे सांगितलं. मीटरची तार गिअरबॉक्समधून निघते. गिअरबॉक्स व्हॅनचा, मीटर अँबॅसिडरचं, चाकंही वेगळी. दोघांचा हिशेब जुळत नाही. इंजिन बदललेल्या गाड्यांत असं होतं, काका, मीटर दुरुस्त करून आणा, मग नोंद करून देते. आणि त्यांनी कागदावर शेरा लिहिला.

मी ती गाडी कार्यालयाच्या बाहेर कडुलिंबाखाली लावली आणि बसून राहिलो. एकतीस वर्षं मी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवली: आधी काटा तपासा, मग आकडा बोला. ते मी फळ्यावर लिहायचो. निरोप समारंभात एका पोरानं तेच वाक्य फ्रेम करून दिलं होतं. आणि मी स्वतः टाकी तपासली, नळी तपासली, हवा काढली, बापूजींकडून बंपर हलवून घेतला, आणि काटाच तपासला नाही. नरखेड सरकलं नव्हतं. दोनशेचाळीस नव्हे, एकशेसाठ किलोमीटर झाले होते. एकशेसाठ भागिले तेरा पूर्णांक आठ. अकरा पूर्णांक सहा.

आता खरं म्हणजे घरी जाऊन सांगायचं होतं. दोन मिनिटांचं काम. पण घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही सुरू झालं. करारात मी "मीटरप्रमाणे" असा शब्द लिहिला होता. मीटरप्रमाणे तर सतराच झाले होते. मग खोटं काय? शिवाय इंदू आता ऑटोला रुळली होती. शिवाय क्लच नसलेल्या गाड्यांचा काही भरवसा नसतो. शिवाय लोकांना काय सांगायचं? अशी सात कारणं मी काढली आणि कार्यालयाचा कागद जुन्या रद्दीत, आतल्या बाजूला ठेवला. मीटर दुरुस्त करायला जितेंद्रकडे गेलोच नाही. केलं असतं तर मीटरनं सगळं सांगून टाकलं असतं.

बुधवारी तीन वाजता इंदू मुलांच्या पाट्या आणि रंगीत खडूंची पिशवी घेऊन निघाली. मी नेहमीसारखं विचारलं, सोडून देऊ का. ती म्हणाली, राहू द्या, तुमची झोपेची वेळ आहे. मी गॅलरीत उभा राहिलो. ती गेटसमोर ऑटोची वाट पाहत होती. ऊन होतं, तिनं पदर डोक्यावर घेतला. खाली आमच्या जागेवर अँबॅसिडर उभी होती, स्वच्छ पुसलेली. मी हात केला. तिनंही केला. शनिवारी पुन्हा तेच. पुढच्या बुधवारी मी गॅलरीत गेलोच नाही, पेपर वाचत बसलो. पेपरात काय होतं, आजही सांगता येणार नाही.

रविवारी आम्ही दोघं वंदनेला विहारात जातो. पंचशील सगळे मिळून म्हणतो. पहिलं, दुसरं, तिसरं मी खणखणीत म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आलं आणि ओळ तोंडातून निघेना. मी खोकलो. पाचव्याला आवाज परत आला. पुढच्या रविवारी मी ठरवून गेलो होतो की म्हणायचंच. लहानपणापासून तोंडपाठ असलेली ओळ, रोज म्हटलेली. पुन्हा खोकला. शेजारच्या गृहस्थांनी मला खडीसाखर दिली.

परत येताना इंदू मागच्या सीटवरून म्हणाली, "तुम्हाले चौथ्या शीलालेच खोकला काहून येते?"

मी म्हटलं, धूळ असेल.

"दोन रविवार झाले. धूळ काय चौथ्यालेच उडते? बाकीचे चार तर बरोबर म्हणता."

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. आरशात पाहायची हिंमत झाली नाही, म्हणून समोर काचेकडे पाहूनच सांगितलं. "मीटर खोटं आहे इंदू. सतरा नाही देत. अकरा पूर्णांक सहा देते. गिअरबॉक्सचा अन् मीटरचा हिशेब जुळत नाही."

ती सीटवर पुढे सरकली. मग विचारलं, "कधी कळलं?"

"तेरा दिवस झाले."

बाजूनं दोन सिटीबस गेल्या. मी तिला गिअरबॉक्सचं पुढचं समजावायला सुरुवात केली, कारण गप्प बसवत नव्हतं. तिनं थांबवलं.

"अकरा देते का सतरा देते, त्याचं मले काही नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, वर्गातल्या मोठ्या मुलाशी बोलावं तसा होता. "लायसन कपाटात ठेवलं तव्हा तुम्हाले माहीत नव्हतं, मानलं. पण मंग तेरा दिवस तुम्ही मले ऑटोसाठी उभी असलेली पाहिली. अन् वरून हात करत होते."

मला रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला मी उत्तरं देऊ शकतो, मला सवय आहे. मी म्हटलं, चुकलं माझं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, आणि हे दोन शब्द म्हणताना मला पुढे काही तरी स्पष्टीकरण जोडायची इच्छा झाली नाही, असं पहिल्यांदाच घडलं. ती म्हणाली, चला आता, ऊन तापून राहिलं.

दुसऱ्याच दिवशी मी मीटर दुरुस्त करून घेतलं. गाडी आता चाळीसला चाळीस दाखवू लागली, आणि नरखेड आपल्या जागेवर परत आलं. मॅडमनं कागदांवर नोंद करून दिली. टपरीवर जाऊन मी खरा आकडा सांगितला. दोन दिवस लोक हसले, जितेंद्रचा नंबर घेतलेल्या दोघांनी तो खोडला, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. माझ्या अब्रूची सोसायटीत जेवढी चर्चा होईल असं मला वाटलं होतं, तेवढीही झाली नाही, याचं थोडं वाईटच वाटलं. बापूजी फक्त म्हणाले, मी म्हटलं होतं का नाही. ऐंशी.

विजयादशमीच्या आदल्या आठवड्यात करार पाळला गेला. अँबॅसिडर जितेंद्रनं घेतली, वराती आणि लग्नांसाठी. नवरदेवाची गाडी माणसाच्या चालीनं जाते, तिचं मायलेज कोणी विचारत नाही. तो लोखंडाचा तुकडाही तिच्यासोबत गेला. गाडी गेटबाहेर जाताना मला भरून आलं, आणि ते मी लपवलं नाही. इंदू शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला, आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत सोडला नाही.

नवी गाडी आली. निळी, छोटी. आमच्या जागेत ती उभी राहिली की दोन्ही बाजूंना एवढी जागा उरते की सिंधूताईंनी तिथे तुळशीची कुंडी ठेवायची परवानगी मागितली. मी एक नवं रजिस्टर आणलं, रकाने आखले: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, सरासरी. बुधवारी इंदू निघाली. मी चप्पल घालून तयार होतो. ती म्हणाली, "तुम्ही घरीच राहा. मी एकटी जाईन."

तीनला गेली. वर्ग पाचला सुटतो. नऊ किलोमीटर, रस्त्यावर गर्दी धरून पाऊण तास. म्हणजे पावणेसहा. पावणेसहाला मी गॅलरीत होतो, सहाला गेटवर, सव्वासहाला बापूजींसोबत कोपऱ्यावर. फोन लावला तर उचलेना. बापूजी म्हणाले, गाडी चालवताना फोन उचलत नाही, हे चांगल्या ड्रायव्हरचं लक्षण आहे. सव्वासातला निळी गाडी वळली. तिनं ती एका झटक्यात, पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये उभी केली. खाली उतरली. चेहऱ्यावर काही तरी होतं. हसू म्हणावं तर नाही.

मी विचारलं, इतका उशीर? काही झालं का?

"काही नाही झालं," ती म्हणाली. "वर्ग सुटला. मंग फुटाळा तलावावर गेली. भाजलेलं कणीस घेतलं, गाडीतच बसून खाल्लं. पाणी पाहत बसली. उठावं वाटलं तव्हा उठली." मग तिनं गाडी लॉक केली. "साठी आली माही. निघू का, थांबू का, हे आज पहिल्यांदा कोणालेच नाही विचारलं."

ती पिशवी घेऊन जिना चढू लागली. मी खालीच उभा राहिलो, काखेत रजिस्टर. किलोमीटर किती झाले, हे विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.